मदत हवी आहे : बेटांच्या लोकसंख्येचा तक्ता करतेय, पण माणसं कुठली धरायची?

नमस्कार मंडळी,

मी कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला भूगोल शिकवते. मागच्या आठवड्यात नकाशावर लक्षद्वीप दाखवताना सांगितलं, २०११ च्या जनगणनेत इथे ६४ हजार माणसं होती. एका मुलीने विचारलं, "बाई, एवढ्याशा माणसांचा देश असतो का?" म्हटलं, याहून लहानही असतात. तुवालूत साडेदहा हजारांच्या आसपास, नाउरूत पावणेबारा हजार, पलाऊत साडेसतरा हजार. तिघांची बेरीज केली तरी लक्षद्वीपच भरतं, आणि तिन्ही देश संयुक्त राष्ट्रांचे सदस्य! मुलांचा विश्वासच बसेना. म्हणून वऱ्हांड्याच्या भिंतीवर तक्ता करायला घेतलाय.

हजार माणसांना एक सेंटिमीटर, या मापाने घोटीव कागदाच्या पट्ट्या कापल्या. तुवालूची अर्धी वीत झाली. मालदीवची पाच मीटरच्या वर गेली आणि मॉरिशसच्या साडेबारा मीटरला वऱ्हांडाच संपला. भारताची किती होईल म्हणून मुलांनीच गणित केलं : १४ किलोमीटर. त्या दिवशी मधल्या सुट्टीत कुणी बाहेर गेलं नाही.

अडलं ते पॅसिफिक महासागरातल्या नियुए या बेटापाशी. बेटावर राहतात जेमतेम सतराशे माणसं, म्हणजे नखापेक्षा थोडा मोठा तुकडा. पण न्यूझीलंडमध्ये नियुएची ३० हजारांहून जास्त माणसं आहेत, म्हणजे फूटपट्टीएवढी पट्टी. १९७४ पासून बेटाचा कारभार त्यांचा ते बघतात, नागरिकत्व मात्र न्यूझीलंडचं, त्यामुळे तिकडे जायला आडकाठी नाही. आमच्याकडे कुलूप लावलेली घरं आणि गणपतीला मुंबईहून येणारी माणसं बघत वाढलेल्या मुलांना हे चटकन कळेल. पण तक्त्यावर तुकडा लावू की पट्टी?

मालदीवचं नेमकं उलट. २०२२ च्या जनगणनेत ५ लाख १५ हजार माणसं, त्यातले १ लाख ३२ हजार परदेशी, मुख्यतः कामासाठी आलेले. दर चौघांत एक! ते तिथे राबतात, तिथलंच पाणी पितात, मग त्यांना पट्टीतून कापायचं कसं? मला ते पटत नाही.

मॉरिशसशेजारचं रियुनियन पावणेनऊ लाखांच्या घरात आहे, पण तो देश नाही, फ्रान्सचा भाग आहे. अशांना वेगळा रंग द्यावा असं मनात आहे.

आणि वर्षाचं काय करायचं? ब्रिटनच्या ताब्यातल्या माँटसेराटवर १९९५ मध्ये ज्वालामुखी जागा झाला, राजधानी प्लिमथ राखेखाली गेली आणि अकरा हजारांच्या आसपासची वस्ती पाच हजारांच्या खाली आली. आपला लक्षद्वीपचा आकडाही २०११ चाच, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०११ आणि २०२२ एकाच भिंतीवर शेजारी लावणं बरोबर आहे का?

जनगणनेचं काम केलेलं किंवा लोकसंख्याशास्त्र शिकलेलं कुणी इथे असेल तर कृपया सांगा : राहणारे सगळे धरायचे की फक्त नागरिक? मॉरिशसमधल्या मराठी मंडळींपैकी कुणी वाचत असेल तर आणखी एक विचारायचंय, तुमच्याकडे शाळेत तुमच्याच देशातल्या रॉड्रिग्ज बेटाची माणसं वेगळी दाखवतात की मॉरिशसमध्येच धरतात?

पट्ट्या सध्या टाचण्यांनी लावल्यात, डिंक शनिवारी लावणार आहोत. त्याआधी उत्तर मिळालं तर फार बरं होईल.