चर्चिलच्या वेशातल्या वक्त्याला बंगालच्या दुष्काळाबद्दल कसं विचारू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

मी इंग्लंडमध्ये राहते. आमच्या गावातल्या ज्येष्ठांच्या सोशल क्लबात पुढच्या महिन्यात एक वक्ते दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश पंतप्रधान विन्स्टन चर्चिल बनून येणार आहेत. टोपी, सिगार, आवाज, सगळं तसंच. १९४० ची भाषणं म्हणून दाखवतील आणि नंतर चर्चिल म्हणूनच प्रश्नांना उत्तरं देतील. पहिला प्रश्न मी विचारावा, असं क्लबाने ठरवलंय.

एक सोपा प्रश्न तयार आहे. १८९६ मध्ये तरुण चर्चिल मुंबईत ससून डॉकला उतरताना त्यांचा खांदा निखळला आणि ते दुखणं जन्मभर राहिलं. तिथून ते पुण्याच्या छावणीत गेले. हे ऐकून मंडळी खूश होतील.

पण माझ्या मनात १९४३ चा बंगालचा दुष्काळ आहे. लाखो माणसं गेली. व्हाइसरॉय वेव्हेल धान्य मागत राहिले, लंडनहून पुरेसं आलं नाही. हे न विचारता घरी आले तर मला चैन पडणार नाही.

अडचण अशी, की समोर बसणाऱ्या काही आज्या लहानपणी बाँबहल्ल्यांत तळघरात झोपलेल्या आहेत. त्यांच्यासाठी तो आवाज म्हणजे धीर होता. त्यांना दुखवायचं नाही.

प्रश्नाचे शब्द कसे ठेवू? वक्त्यांना आधी कळवावं का? आणि चर्चिलच्या मंत्रिमंडळातले भारतमंत्री अमेरी यांच्या डायरीतल्या त्या काळच्या नोंदी मुळातून कुठे वाचता येतील? कुणी अभ्यास केला असेल तर कृपया सांगा.