प्रतिसाद: ट्विन्सचं सगळं खापर नशिबावर नको

बेसबॉलचा प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) म्हणजे नुसता नशिबाचा खेळ, त्यामुळे ट्विन्स हरतात त्यात त्यांचा दोष नाही, हे वर आलेलं मत मला पटत नाही. एखादी मालिका नशिबाने जाते, मान्य. पण मिनेसोटा ट्विन्स हा अमेरिकन संघ 2004 ते 2020 या काळात प्लेऑफचे सलग 18 सामने हरले. त्यातले 13 एकट्या न्यूयॉर्क यांकीज संघाविरुद्ध! 2009 मध्ये ट्विन्सचा फलंदाज जो मावर याचा फटका स्पष्टपणे रेषेच्या आत पडला होता, तरी पंचांनी फाउल (रेषेबाहेरचा फटका) दिला. त्याचा राग अजून जात नाही.

पण 2019 चं काय? हंगामात 101 विजय, 307 होमरनचा (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) विक्रम, आणि प्लेऑफमध्ये यांकीजसमोर मालिकेत 0-3 अशी हार. दुसऱ्या सामन्यात पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून सुरुवात रँडी डॉबनाकला करावी लागली. त्या वर्षाच्या सुरुवातीला तो खालच्या लीगमध्ये खेळत होता. दोष त्या पोराचा नाही, भरवशाचे पिचर न घेणाऱ्या व्यवस्थापनाचा. फलंदाजीवर हंगाम निघतो हो, ऑक्टोबरमधला प्लेऑफ नाही निघत.

2023 मध्ये पाब्लो लोपेझ आणि सनी ग्रे हे भरवशाचे पिचर होते, तेव्हा प्लेऑफमध्ये टोरंटोच्या संघाला दोन सामन्यांत एकच धाव मिळाली. आपला फलंदाज रॉइस लुईसचे दोन होमरनही होतेच, पण मालिका जिंकली ती पिचिंगवर. इतकी वर्षं प्रेक्षक हेच तर मागत होते.