तेल सांडलेल्या जमिनीत पाणी का मुरत नाही?

प्रश्न : माझ्या पंपाजवळच्या जमिनीत चार महिन्यांपूर्वी डिझेल सांडून मुरले. आता हाताला तेलकटपणा लागत नाही, मात्र वास येतो. पाणी दिले की ते वरच साचते आणि उताराने निघून जाते. खुरप्याने दोन बोटे उकरले तर खाली कोरडा फुफाटा असतो. तेलाने मातीची छिद्रे बुजली असावीत असे मी धरून चाललो होतो, पण तिथली चिमूटभर सुटी मातीसुद्धा पाण्यावर तरंगते. याचा अर्थ कसा लावावा?

उत्तर १ : आपले तरंगणाऱ्या मातीचे निरीक्षण महत्त्वाचे आहे, कारण सुट्या मातीत बुजण्याजोगे छिद्रच उरत नाही. स्वच्छ कणावर पाणी पसरते आणि बारीक पोकळ्या केशाकर्षणाने ते आत ओढून घेतात. कणावर तेलाचा पातळ थर बसला, की पाण्याचा कणाशी होणारा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड कणाला टेकते तिथे पाण्याच्या आतल्या बाजूने मोजलेला कोन, वाढतो, आणि तो ९० अंशांच्या पुढे गेला तर तेच केशाकर्षण पाण्याला बाहेर लोटते. ही माती सावलीत वाळवून सपाट करा आणि तिच्यावर एक थेंब सोडा. थेंब ५ सेकंदांच्या आत जिरला तर माती पाणी स्वीकारते आहे. अळवावरच्या थेंबासारखा तो गोल राहिला, तर दोष कणांच्या पृष्ठभागाचा आहे.

उत्तर २ : वरील उत्तर मला मान्य आहे, तरी छिद्रे बुजण्याचा मुद्दा अगदीच सोडून देऊ नये, विशेषतः जड व चिकट तेलाच्या बाबतीत. तेल सांडले तेव्हा जमीन ओली होती की कोरडी, यावरही पुष्कळ अवलंबून असते. ओल्या जमिनीत कणांवर आधीच पाण्याचा थर असल्यामुळे तेल मोठ्या पोकळ्यांत अडकते आणि निचऱ्याच्या वाटा अडवते. कोरड्या जमिनीत ते थेट कणांना चिकटते. अशा जमिनीत पाणी सारखे न मुरता भेगांतून आणि मुळांच्या वाटांनी धारेसारखे खाली उतरते, त्यामुळे एका ठिकाणी चिखल आणि वीतभर अंतरावर कोरडी माती दिसते. तिथे सर्वत्र सारखा वाफसा येतच नाही.

प्रश्नकर्ता : दोघांचेही आभार. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी ओतले तर उपयोग होईल का?

उत्तर १ : कृपया तसे करू नका. साबणाने पृष्ठताण कमी होऊन पाणी आत शिरेल हे खरे, पण सुटलेले तेलही त्याच्याबरोबर भूजलाकडे जाऊ शकते. माती उकरून मोकळी करा, त्यात कुजलेले शेणखत मिसळा आणि थोडे थोडे पाणी देऊन ओल टिकवा. तेल खाणाऱ्या जिवाणूंना हवा, ओलावा, नत्र आणि स्फुरद लागते. वास गेला म्हणजे काम झाले असे मात्र समजू नका, कारण हलके घटक उडून गेल्यावरही कणांवर मेणासारखा अंश उरू शकतो. थेंबाची चाचणी दर महिन्याला त्याच जागी आणि शेजारच्या चांगल्या मातीवरही करत राहा.