मंचावरून कधी उतरावं, आणि कुणी?

मंद्रसप्तक

वाद होणार हे गृहीत धरूनच हा चर्चेचा धागा सुरू करतोय. संगीतावर ज्याचं पोट आहे त्याने हात आणि गळा पूर्ण साथ देतात तोवरच मंचावर बसावं. हौशी माणसाने मात्र जमेल तोवर, अगदी शेवटपर्यंत वाजवावं. आपण करतो उलटं. नामवंताच्या थरथरत्या तानेला उभं राहून टाळ्या वाजवतो आणि घरातल्या निवृत्त माणसाने पेटी काढली की दार लावून घेतो.

आल्फ्रेड ब्रेंडेल यांनी डिसेंबर २००८ मध्ये, ७७व्या वर्षी, लोक ऐकायला येत असतानाच पियानोच्या जाहीर मैफली बंद केल्या. पुढे लिहिलं, व्याख्यानं दिली, शिकवलं. मला हा आदर्श वाटतो. तिकीट काढून आलेला श्रोता वयाची सवलत द्यायला आलेला नसतो. 'या वयातही काय वाजवतात!' या वाक्यात वाजवण्याचं कौतुक कमी आणि वयाचं जास्त असतं, आणि ते ऐकून खूश होणाऱ्या कलाकाराची मला काळजी वाटते.

सहावी तार

थांबायचं ठरवायला आधी थांबणं परवडावं लागतं हो. ज्याची ध्वनिमुद्रणं जगभर विकली जातात त्याने निवृत्ती जाहीर केली की तिची बातमी होते. माझ्यासारख्या साथीच्या गिटारवाल्याला वाजवल्याचे पैसे एकदाच मिळतात. पुढे ते गाणं हजार वेळा वाजो, आमचा हिशेब त्याच दिवशी मिटलेला असतो. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. आम्ही निवृत्त होत नाही, आम्हाला बोलावणं कमी होतं.

आणि ते कमी होतं ते हात गेल्यामुळे, हा गैरसमज आहे. आपल्याला फोन करणारा संयोजक आपल्याच वयाचा असतो. तो थांबला की त्याच्या वहीतली सगळी नावं त्याच्याबरोबर जातात. नव्या संयोजकाची वही वेगळी, मित्र वेगळे, आणि अर्ध्या गोष्टी तो सॅम्पलवरच, म्हणजे संगणकातल्या तयार आवाजांवरच, भागवतो. मी चाळिशीत वाजवत होतो त्याहून आज बरं वाजवतो, पण हे ऐकायला कुणी बोलावलं तर!

शरीराचं म्हणाल तर तडजोडी असतातच. जाड अकराच्या तारा काढून बारीक नऊच्या लावल्या, गिटार अर्धा स्वर खाली मिळवली. तार ओढताना बोटांवरचा ताण बराच उतरतो आणि समोरच्याला पत्ताही लागत नाही. वीस-बावीस किलोचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर जिन्यावरून चढवणं बंद केलं, आता पायापाशी ठेवायची छोटी पेटी पुरते. कंबरेने वाजवणं सोडायला लावलं असतं, बोटांनी नाही.

तिसरी रांग

मंद्रसप्तक, तुम्ही सांगितलेल्या त्याच २००८ सालचा दुसरा पियानोवादक घ्या. मेनाहेम प्रेसलर १९५५ पासून बो आर्ट्स ट्रिओमध्ये होते. २००८ मध्ये ती त्रयी संपली तेव्हा ते ८४ वर्षांचे. त्यांनी काय करावं? एकल वादनाला नव्याने सुरुवात केली आणि २०१४ मध्ये, नव्वदीत, बर्लिन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर पहिल्यांदा वाजवलं. एकाच वर्षी एक जण ७७व्या वर्षी थांबतो, दुसरा ८४व्या वर्षी सुरू करतो. नियम कसला काढणार यातून?

मी श्रोता आहे, वाजवता काही येत नाही. पण मी वेग मोजायला मैफलीला जात नाही. रविशंकर नोव्हेंबर २०१२ मध्ये ९२व्या वर्षी शेवटचे मंचावर बसले, तेही ऑक्सिजन लावून. 'थांबायला हवं होतं' असं त्यांना सांगायचा अधिकार तिकिटाबरोबर मिळतो असं मला वाटत नाही.

मंद्रसप्तक

@तिसरी रांग, कधीतरी चेलोवादक पाब्लो कासाल्सही येणार या धाग्यावर, ९४व्या वर्षी संयुक्त राष्ट्रांत वाजवलेले. म्हणून आधीच सांगून टाकतो. ही माणसं अपवाद आहेत म्हणूनच आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत. ज्यांचं शेवटचं दशक ओढून ताणून गेलं त्यांची उदाहरणं कुणी देत नाही, कारण ती द्यायला कसंसंच होतं.

@सहावी तार, तुमचा मुद्दा पैशाचा आहे आणि तो खरा आहे. पण त्याचं उत्तर पेन्शन आहे, श्रोत्याची सहनशक्ती नव्हे.

खर्ज

गळ्याबद्दल इथे कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते. गाते आणि शिकवते, दोन्ही पोटासाठीच.

पट्टी उतरवली की लोक म्हणतात, 'आवाज गेला.' अहो, गेला नाही, खाली आला. रजोनिवृत्तीनंतर बायकांच्या स्वरतंतूंत बदल होतात आणि आवाज खाली सरकतो. पुरुषांचं म्हातारपणी बरेचदा उलट होतं, स्वरतंतू बारीक होतात आणि आवाज किंचित वर चढून पातळ लागतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची आवाज फुटताना आपण गंमत करतो ना, तसाच हाही शरीराचा एक टप्पा. पेटीच्या काळी चारला गाणारी बाई काळी दोनला आली तर तिला फक्त दोन पट्ट्या बदलाव्या लागत नाहीत. तंबोऱ्याच्या तारा नुसत्या ढिल्या करून भागत नाही, जवारी, म्हणजे घोडीवर तार घासून उठणारी गुंज, बोलेनाशी होते. जाड तारा घालाव्या लागतात, जवारी पुन्हा काढून घ्यावी लागते. वर्षानुवर्षं हाताखालून गेलेल्या बंदिशींत श्वास कुठे घ्यायचा तेही पुन्हा ठरवावं लागतं. हे सगळं करून जी बाई मंचावर बसते ती 'ओढून ताणून' बसलेली नसते.

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडते. 'वयाने ताना गेल्या तरी आलाप वाढतो' हे वाक्य प्रत्येक सत्कारात असतं. अर्धंच खरं आहे ते. छाती पूर्वीइतकी फुलत नाही, दमसास तुटतो आणि मग सर्वांत आधी हलतो तो लांब ठहराव. षड्जावर शांत उभं राहणं हे म्हातारपणाचं सर्वांत अवघड काम आहे, आणि तोच आपल्याला 'सोपा' भाग वाटतो. वाढते ती निवड. काय गाऊ नये हे लवकर कळतं. ते ऐकायला लोकांनी यावं की नाही हा त्यांचा प्रश्न, पण त्याला 'आवाज गेला' म्हणू नका.

आकडेमोड

धागाकर्त्याचा नियम मला उलटा वाटतो आणि त्याला आधारही आहे. राल्फ क्रांपे आणि अँडर्स एरिक्सन यांचा १९९६ चा अभ्यास पाहा. त्यांनी तरुण आणि साठीच्या आसपासचे पियानोवादक घेतले, व्यावसायिक आणि हौशी असे वेगवेगळे. सर्वसाधारण चपळाईच्या चाचण्यांत वय झालेले दोन्ही गट मंदावलेले दिसले. पियानोशी संबंधित कामांत मात्र ज्येष्ठ व्यावसायिक बरेच टिकून होते आणि हौशी घसरले होते. फरक कशाचा? अलीकडच्या वर्षांत रियाज किती चालू होता त्याचा.

म्हणजे वय ज्याला आधी गाठतं तो हौशीच. आठवड्यातून एकदा वाद्य काढणाऱ्याला 'शेवटपर्यंत वाजव' म्हणणं सोपं आहे, पण टिकतो तो रोज बसणारा. आणि रोज बसतो कोण? ज्याला उद्या कार्यक्रम आहे तो. व्यावसायिकाचे कार्यक्रम बंद करा, त्याचा रियाज सुटेल, आणि मग तुम्ही म्हणता तसा तो खरोखर म्हातारा होईल.

मंद्रसप्तक

वाचलाय तो अभ्यास. गट लहान होते आणि माणसं साधारण साठीची. साठीबद्दल माझी काहीच तक्रार नाही, मी पुढच्या वीस वर्षांबद्दल बोलतोय. शिवाय तिथे बोटांची हालचाल मोजली होती, दोन तासांची मैफल नाही. आणि हौशी माणूस घसरला तर घसरू दे की! त्याने कुणाकडून काही घेतलेलं नाही. माझा सगळा मुद्दा देण्याघेण्याचाच आहे.

रविवारची व्हायोलिन

घसरू दे की?! मालक, आम्हालाही कान असतात. हौशी म्हणजे बेसूर वाजवायचा परवाना नव्हे, आणि आपण बेसूर वाजवतोय हे कळणारा श्रोता चोवीस तास डोक्यातच बसलेला असतो. व्यावसायिकाला निदान टाळ्या असतात. आम्हाला तरुणपणीचा आपला एक कॅसेटवरचा तुकडा सापडतो आणि तो दिवस वाया जातो.

नोकरी संपल्यावर पुन्हा वाद्य हातात घेतलं तेव्हा अंगठ्याच्या बुडाशी असलेला सांधा पहिल्यांदा बोलला. मग डोळे. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. वाचायचा चश्मा साधारण चाळीस सेंटिमीटरसाठी असतो आणि नोटेशनचा स्टँड असतो साठ-सत्तरवर. बायफोकल लावून वाजवायला गेलं तर मान मागे टाकून खालच्या काचेतून बघायचं आणि व्हायोलिन मात्र हनुवटीखाली दाबून धरायचं. आठवड्याभरात मान धरली. शेवटी फक्त स्टँडसाठी वेगळा चश्मा करून घेतला. वाद्य हातात धरून, रोज बसतो तसं बसून, डोळ्यापासून कागदापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं आणि तो आकडा नेत्रतज्ज्ञाला सांगायचा. कुणाच्या उपयोगी पडलं तर बघा.

आमची चौघांची चौकडी आहे. जलद भाग ठरलेल्या लयीपेक्षा सावकाश वाजवतो, सगळ्यांच्या संमतीने. कुणी ऐकायला आलं तर आवडतं. मंद्रसप्तक आम्हाला देण्याघेण्याच्या बाहेर काढतात ते मला मान्य नाही. चांगलं वाजावं ही इच्छा पैशाने येत नाही.

ध्वनी खोली

सगळे हात आणि गळ्यावर अडकलेत. मी ध्वनिसंयोजक आहे, माझ्या मते पहिला प्रश्न कानाचा. हात गेला तर वाजवणाऱ्याला कळतं. कान गेला तर त्याला सोडून सगळ्यांना कळतं.

वयाने उंच कंप्रता, म्हणजे वरचे तीक्ष्ण आवाज, आधी जातात. त्यात आयुष्यभर ढोल-झांजा, ब्रास किंवा मंचावरच्या मॉनिटर स्पीकरसमोर उभं राहिलं असेल तर विचारूच नका. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा सर्रास धरतात, आणि प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पाव तास. कुठल्याही बँडचा सराव आठवून बघा. पन्नाशीनंतर हीच मंडळी माझ्याकडे 'ट्रेबल वाढव, धारच नाही' म्हणून मागे लागतात आणि पहिल्या रांगेतले लोक कान धरतात.

ज्यांना अचूक स्वरज्ञान असतं, म्हणजे नुसता ऐकून स्वर कुठला ते सांगता येतं, त्यांच्या बाबतीत तर अजब प्रकार होतो. उतारवयात अनेकांना सगळं अर्धा-एक स्वर वर ऐकू येऊ लागतं. पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टर यांना हा त्रास होता, त्यांनी तो स्वतःच सांगितलाय. बोटं एक स्वर वाजवतात आणि कान दुसरा सांगतो. नंतरच्या वर्षांत ते समोर नोटेशन ठेवून वाजवत, त्यामागे हेही एक कारण होतं.

एसी/डीसी या रॉक बँडचे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ मध्ये दौरा अर्धवट सोडावा लागला तो कानांमुळेच, गळ्यामुळे नाही. श्रवणयंत्र घ्या म्हणाल तर ती बनतात बोलणं ऐकण्यासाठी. बासरीचा लांब स्वर म्हणजे फीडबॅकची शिट्टी असं समजून यंत्र तो दाबायला जातं आणि स्वर थरथरतो. संगीतासाठी वेगळी सेटिंग करून घ्यावी लागते, आणि ती मागावी लागते, आपण होऊन कुणी देत नाही. त्यामुळे माझी बाजू कुठली? दोन्ही नाही. चाळिशीपासून दरवर्षी कान तपासा, मग वयाचा वाद घाला.

मधली फळी

मी एक वृंदगान चालवते. सगळे हौशी. म्हणजे धागाकर्त्याच्या नियमाने माझ्याकडे काही प्रश्नच नसायला हवा. प्रत्यक्षात एक बाई वरच्या सुरांत गातात, त्यांचा कंप आता इतका रुंद झालाय की शेजारच्या चौघींना सूर सापडत नाही. वृंदाच्या पहिल्या दिवसापासून आहेत. खालच्या सुरांत या म्हटलं तर म्हणतात, 'एकदम घरीच पाठव ना.' हौशी माणूस कुणाचं देणं लागत नाही? शेजारच्या चौघींचं लागतो.

या वर्षीपासून दर दोन वर्षांनी सगळ्यांचीच चाचणी घ्यायचं ठरवतेय. वयाचा उल्लेखही नको.

सहावी तार

वयाचा उल्लेख नसलेली आणि वयासाठीच घेतलेली चाचणी. बाई, हे ओळखायला आम्हाला वेळ लागत नाही, आमच्या धंद्यात याला 'नवा साउंड हवाय' म्हणतात. घ्यायचीच तर मोठ्या ऑर्केस्ट्रांत घेतात तशी पडद्यामागून घ्या. आणि पंचविशीतल्यांचीही तितकीच कडक.

मंद्रसप्तक

पडद्याला माझा पूर्ण पाठिंबा. पण मग निकालही मानावा लागेल. पडद्यामागून कुणी नापास झालं तर 'इतकी वर्षं दिली' हा मुद्दा परत आणायचा नाही. व्यावसायिकांनाही हेच लावा, मी माझा नियम मागे ठेवून हा घेतो.

खर्ज

नापास कशात? माझ्या काळी दोनमध्ये की तुमच्या काळी चारमध्ये? चाचणीची पट्टी कोण ठरवणार ते आधी सांगा. अर्धं वय तिथेच मोजलं जातं.

मधली फळी

पट्टी ज्याची त्याने निवडावी, हे मान्य. पडदा मात्र निरुपयोगी आहे. इतकी वर्षं एकत्र गाणाऱ्यांना पहिल्या सुरावरूनच कळतं पलीकडे कोण आहे. मला तर खोकल्यावरूनही कळतं.

सहावी तार

मग बाहेरचा परीक्षक बोलवा.

मधली फळी

त्याचं मानधन कोण देणार? आम्ही हौशी आहोत.