मदत हवी आहे: पऱ्हाटीचं (कपाशीचं) लाल पान कमी रंगांच्या डिस्प्लेवर ओळखू येत नाही

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या कास्तकार गटासाठी मी कपाशीच्या रोग-किडींची वेबसाइट करतोय. गाडी लाल पानावर अडली आहे. मॅग्नेशियम कमी पडलं की खालची जुनी पानं शिरांच्या मधल्या भागात लालसर-जांभळी होतात, शिरा हिरव्याच राहतात. तुडतुडे लागले तर पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग लाल होऊन खाली मुडपतात. लांबून दोन्ही वावरं लालच दिसतात, पण एका ठिकाणी अन्नद्रव्य द्यायचं असतं आणि दुसऱ्या ठिकाणी कीड आवरायची असते. २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. गरज नसताना कोणी पंप पाठीवर घेऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

माझ्या लॅपटॉपवर फरक स्वच्छ दिसतो. गावातला सगळ्यांच्या वापरातला जुना कम्प्युटर मात्र २५६ रंगांवर अडकलाय, त्याचा ग्राफिक्स ड्रायव्हर मिळत नाही. तिथे पान म्हणजे नुसता तांबडा डाग. दुसऱ्या मशीनवर १६ बिट रंग आहेत, म्हणजे २५६ पेक्षा पुष्कळ जास्त. तिथे फोटो बरे दिसतात, पण चित्राला आणि वेबपेजला एकच हिरवी पार्श्वभूमी देऊनही चित्राचा चौकोन वेगळा उठून दिसतो. त्यात बरेच जण साइट रात्री बघतात आणि काहींचे फोन तेव्हा बेडटाइम मोडमुळे काळे-पांढरे झालेले असतात.

२१६ रंगांचं जुनं वेब-सेफ पॅलेट (२५६ रंगांच्या पडद्यांसाठी ठरवलेला रंगांचा संच) वापरू का? फोटो जीआयएफमध्ये टाकू का? मशीन बदला, हे कृपया सांगू नका. ज्याच्याकडे जे आहे त्यावर दिसलं पाहिजे.

प्रतिसाद १:

भाऊ, २५६ आणि १६ बिट हे दोन वेगळे आजार आहेत. वेब-सेफ पॅलेटमध्ये लाल, हिरवा, निळा प्रत्येकी ०, ५१, १०२, १५३, २०४, २५५ या सहाच पायऱ्यांवर असतात, म्हणून ६×६×६ = २१६. याचा फायदा २५६ रंगांच्या मशीनवर, तोही सपाट रंगांना. पॅलेटबाहेरचा सपाट रंग तिथे ठिपक्या-ठिपक्यांनी भरला जातो आणि अक्षरं खरखरीत होतात.

१६ बिटमध्ये सहसा लालला ५, हिरव्याला ६, निळ्याला ५ बिट मिळतात, म्हणजे एकूण ६५,५३६ रंग. तिथे ५१ ही पायरीसुद्धा तंतोतंत बसत नाही, कारण लालच्या ०–३१ मापावर ती ६.२ येते. मग चित्रातला हिरवा एकीकडे सरकतो, पेजचा दुसरीकडे. रंग जुळवत बसू नका. चित्राची पार्श्वभूमी पारदर्शक ठेवा, चौकोन जाईल.

फोटो जेपीईजीच असू द्या. जीआयएफमध्ये २५६ च्या वर रंग मावत नाहीत, म्हणजे चांगल्या पडद्यावाल्याचंही नुकसान. पण फोटोवर सगळा भार टाकू नका. शेजारी पानाचं रेखाचित्र द्या: शिरा जाड काळ्या रेषेत, लाल भाग तिरप्या रेघांनी भरलेला, मुडपलेली कड आकारातच दाखवलेली. पीएनजी, मोजके सपाट रंग. नावं चित्रात कोरू नका, एचटीएमएलमध्ये लिहा, आणि अक्षर-पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) किमान ४.५:१ ठेवा. लाल-हिरवा फरक ज्यांना जन्मतःच दिसत नाही, त्यांचंही यात भागतं.

प्रतिसाद २:

दादा, आमच्याकडे वरुड भागात संत्र्याच्या डिंक्या रोगासाठी असंच केलं. रंग गेला तरी चित्र बोललं पाहिजे. विंडोजमध्ये कलर फिल्टर ग्रेस्केल करून बघा, लगेच कळतं.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. पार्श्वभूमी पारदर्शक केली, चौकोन गेला. रेघांचं पान २५६ वरही ओळखू येतं, शिरा आणि कड वेगळी कळते. आता गिंप या चित्रं सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये इंडेक्स्ड मोडला (मोजक्या ठरावीक रंगांत) नेताना डिथरिंग (ठिपके मिसळून मधला रंग भासवणं) विचारतो. ठेवू की काढू?

प्रतिसाद १:

रेखाचित्राला काढा, नाहीतर तिरप्या रेघांत ठिपके मिसळतील. फोटो इंडेक्स्ड करूच नका, त्या मशीनचा ब्राउझर आपला आपण जमवून घेईल. आणि 'शिरा हिरव्या, मधला भाग लाल' हे वाक्य फोटोच्या वर ठेवा, खाली नको. नेट संथ असलं की फोटो शेवटी उतरतो, वाक्य आधी दिसतं.