दाढ, गुडघा आणि अँटिबायोटिक

देशमुख काकू (ए-302): उद्या यांची दाढ काढायची आहे. मागच्या वर्षी गुडघा बदलला ना, तर माझी जाऊ म्हणून राहिली की आधी अँटिबायोटिक द्या, नाहीतर गुडघ्यात इन्फेक्शन जाते. घरी अ‍ॅमॉक्सिसिलिनची अर्धी स्ट्रिप पडली आहे. देऊ का?

पराग (बी-104): द्या ना काकू. आमचे बाबा स्टेंट टाकल्यापासून दर वेळी घेतात.

डॉ. आसावरी, डेंटिस्ट (सी-501): थांबा जी! काकू, ती स्ट्रिप राहू द्या. बदललेल्या गुडघ्यासाठी दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक सहसा लागत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2015 मध्येच तसं सांगितलं आहे. गुडघ्यात पूर्वी इन्फेक्शन झालं असेल तर मात्र हाडाच्या डॉक्टरांना आधी फोन करा. पराग, नुसत्या स्टेंटसाठीही लागत नाही, बायपाससाठीही नाही.

वानखेडे काका (डी-203): मग मले काहून देतात? माझा हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेला आहे.

डॉ. आसावरी: तुम्हाला द्यायलाच पाहिजे काका. दाढ काढताना तोंडातले जंतू रक्तात जातात आणि कृत्रिम व्हॉल्व्हवर बसले तर जिवावर बेतू शकतं. ज्यांना हृदयाच्या आतल्या अस्तराचं इन्फेक्शन आधी होऊन गेलंय, किंवा जन्मापासून हृदयाचे काही ठराविक दोष आहेत, त्यांनाही लागतं. पूर्वी ही यादी लांबलचक होती, 2007 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने छाटली. कारण ब्रश करताना, चावतानाही जंतू रक्तात जातातच, मग रोज थोडीच गोळी घेणार?

सचिव: चर्चा चालू द्या, पण उद्या टाकी धुणार आहेत, 10 ते 1 पाणी बंद. 🙏

वानखेडे काका: आणि कोर्स किती दिवसांचा?

डॉ. आसावरी: कोर्स नाही काका, एकच डोस. मोठ्यांना अ‍ॅमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम, कामाच्या अर्धा ते एक तास आधी. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर औषध बदलतं, ते आधी सांगायचं. आणि रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा, रिपोर्ट घेऊन या. लोक गोळी बंद करून येतात, त्याची मला जास्त धास्ती.

पराग: मग बाबांना कोण देऊन राहिलं?

डॉ. आसावरी: चिठ्ठी पाठव, बघते. दुसरं काही कारणही असेल.

देशमुख काकू: यांना शुगर आहे. उपाशी न्यायचं का?

डॉ. आसावरी: अजिबात नाही. जेवून, शुगरची गोळी घेऊन न्या. तिथे फक्त जागा बधिर करतात, उपाशी राहिले तर शुगर खाली जाईल.