फोर बाय फोर आणि जळक्या ऑइलचा वास: अनुभव लिहा

घाटवाट
पाऊस लागला की राजमाचीच्या वाटेवर रुतलेल्या गाड्या आणि त्यांच्याभोवती घुटमळणारा तो करपट वास हमखास आठवतो. बरेच जण 'क्लच जळला' म्हणून सोडून देतात. पण ऑटोमॅटिकमध्ये पायाखाली क्लचच नसतो. तिथे हा वास बहुतेकदा गिअरबॉक्सच्या तेलाचा, म्हणजे एटीएफचा.
निम्मं निदान नाकानेच होतं. एटीएफ करपलेल्या टोस्टसारखं, जरा आंबूस. ट्रान्स्फर (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) किंवा ॲक्सलचं गिअर ऑइल सडक्या अंड्यासारखं, कारण त्यात गंधकाची संयुगं असतात. कूलंट गोडसर. मॅन्युअलमध्ये हाफ क्लचवर गाडी चढावर धरून ठेवली की जळक्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. ज्यांचे हात या कामात काळे झालेत त्यांनी पुढे लिहा.

पाना१४
आधी एवढं ठरवा: तेल बाहेर जळतंय की आत?
गाडी थांबल्यावर वास वाढतो, खालून निळसर धूर येतो, तर तेल सायलेन्सरच्या गरम पाईपवर ठिबकतंय. गिअरबॉक्सचं तेल गार करणाऱ्या कूलरच्या नळ्यांचे रबराचे सांधे, मागच्या शाफ्टचं सील, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फरचा जोड, चेंबरचं (गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या भांड्याचं) गॅस्केट, या क्रमाने बघा. वाऱ्याने तेल मागे पसरतं, त्यामुळे जिथून थेंब पडतो तिथे गळती असेलच असं नाही. सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात वरचा ओला भाग शोधायचा. ब्रेक क्लीनरने सगळं धुवा, १०-१५ किलोमीटर चालवा, मग टॉर्च घेऊन खाली जा. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला की सकाळी डागाची जागा आणि रंग दोन्ही कळतात.

काळीमाती
आणि आत करपलं असेल तर पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब टाका. चांगलं तेल लालसर पसरत जातं. करपलेलं पसरत नाही, मधोमध काळा ठिपका तसाच राहतो आणि बोटांत चोळलं तर कचकच लागते. ती कचकच म्हणजे आतल्या क्लच प्लेटांचा भुगा. एवढ्यावर आलं की नुसतं तेल बदलून भागत नाही, चेंबर उघडावंच लागतं. तळाच्या चुंबकावर मऊ राखाडी लगदा चालतो, धातूचे कण नाहीत.
तेल सोलकढीसारखं गुलाबी-दुधट दिसलं तर पाणी शिरलंय. इंजिन अजिबात चालू करू नका. पाण्याने प्लेटांवरचं अस्तर सुटतं.

कोकणफेरी
वाळूत का होतं ते कुणीतरी सांगा हो. घाटात नाही आला वास, दिवेआगरला आला म्हणतात लोक.

पाना१४
@कोकणफेरी चाकं अडकलेली आणि पाय ॲक्सिलरेटरवर, अशा वेळी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी तेलातून ताकद पुढे देणारा भाग) इंजिनची सगळी ताकद तेल घुसळण्यात जाते, म्हणजे उष्णतेत. गाडी हलत नाही म्हणून समोरून हवाही नाही. नेहमी ८०-९५ अंशांवर राहणारं तेल बघता बघता १२० च्या वर जातं आणि तिथून झपाट्याने खराब होतं. म्हणून ५ सेकंदांत गाडी हलली नाही तर पाय काढायचा. डी-आर-डी (पुढे-मागे-पुढे) असे झोके तर नकोच. टायरची हवा १८-२० पीएसआयवर आणा, चाकांपुढची वाळू उपसा, फोर-लो (चारही चाकांना ताकद, हळू पण जोरदार गिअर) लावा. फोर-लोमध्ये चाकांवरचा जोर साधारण अडीच पट होतो, त्यामुळे कन्व्हर्टर कमी घसरतो. डांबरावर येण्याआधी हवा परत भरा.

डिझेलगंध
बीएस-६ डिझेलवाल्यांनी लक्षात ठेवा, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) स्वतःला साफ करत असताना सायलेन्सर खूप तापतो आणि जळका वास येतो. तो १५-२० मिनिटांत जातो, धूर किंवा ठिबक नसते. उगाच गिअरबॉक्स उघडायला लावू नका.

कोकणफेरी
हे आज कळलं, आभार. आणि किनाऱ्यावरून आल्यावर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा रे, मिठाने कूलरच्या लोखंडी नळ्या बाहेरून गंजतात. शक्यतो वाळूत नेऊच नका, तिथे कासवांची घरटी असतात.

काळीमाती
हो, कासवांचं अगदी खरं. वेळासला तर त्यासाठी गावच झटतं.
मूळ विषय: पार्ट-टाइम फोर बाय फोर कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) ठेवून वळवायची नाही. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो, पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात, ट्रान्स्फर तापतो. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असले तरी तेच.

घाटवाट
वास आला की लगेच काय करायचं, हे राहिलं. धूर नसेल तर सपाटीवर पार्कमध्ये लावून इंजिन काही मिनिटं चालू ठेवा, तेल कूलरमधून फिरून निवतं. धूर दिसला तर उलट: इंजिन ताबडतोब बंद, सगळे खाली, अग्निशामक हातात. तापल्या गिअरबॉक्सने ओढ्यात तर मुळीच उतरू नका. एकदम गार झाला की आत पोकळी होते आणि ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जायच्या बारीक नळीतून) पाणी ओढलं जातं.

पाना१४
ब्रीदरचं बरं काढलंत. चिखलाने तो बुजला की दाब सीलवर येतो आणि नवं सीलसुद्धा गळतं. सील बदलायच्या आधी ब्रीदर फुंकून बघा, आणि नळी बॉनेटखाली वर चढवून घ्या.
तेल जास्त भरलं तरी फेस होऊन तिथूनच बाहेर येतं. पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच, इंजिन चालू ठेवून बघायची. थंड तेलावर पातळी कमी दिसते, आणि मग लोक भरत सुटतात.

डिझेलगंध
एकदा चेंबर रिकामं केलं की सगळं तेल निघत नाही, बरंच कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून २-३ वेळा काढा-भरा करतात, मध्ये थोडं चालवून. जेवढं निघालं तेवढं मोजून भरायचं, ड्रेन प्लगचा वायसर दर वेळी नवा.

नवाप्रवासी
बंद पडली तर दोरीने ओढून आणली तर चालेल का?

काळीमाती
@नवाप्रवासी ऑटोमॅटिक असेल तर नको. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा पंप बंद, आतले भाग कोरडे फिरतात. चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेड मागवा. ट्रान्स्फरला न्यूट्रल आहे का, ते गाडीच्या पुस्तकात बघून ठेवा, गाडी चिखलाबाहेर काढायला तेवढ्यापुरता उपयोग होतो.